दोन शस्त्रक्रियांमधील काळ



कृत्रिम गुडघ्यात जंतुसंसर्ग होऊन हाड फार झिजले, तर बहुधा सांधा काढून पोकळीत प्रतिजैविकयुक्त सिमेंटचा तात्पुरता ठोकळा बसवावा लागतो. जंतू धातूवर चिकट थर धरतात. तेथे औषध पुरेसे चालत नाही. पुढे साधारण सहा आठवडे प्रतिजैविके, आणि संसर्ग हटल्यावरच लांब दांड्याचा नवा सांधा. हाडाची उणीव धातूचे सच्छिद्र शंकू भरून काढतात.

आम्ही हिशेबाची माणसे. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. खाटेचे दिवस व औषधे यांचा भार मात्र राहिलाच. पैशाअभावी कोणी ठोकळ्यावरच अडकू नये, म्हणून दोन्ही टप्प्यांचा अंदाज आम्ही आरंभीच लेखी देतो आणि निर्धन रुग्ण निधीचा अर्जही त्याच दिवशी भरून घेतो.