शासकीय सेवा : मर्जी, करार आणि न्याय



शासकीय सेवकावर अन्यायाने बडतर्फीची कुऱ्हाड कोसळली, तर त्याची चूल विझते आणि समाजात मानही खाली जातो. अशा सेवकाला कायदा नेमके काय परत देतो?

इंग्रजी अमदानीत सेवक राजसत्तेच्या मर्जीने पदावर राही. आय.सी.एस. अधिकारी लाल यांना १९४० मध्ये पदच्युत करण्यात आले. बाजू मांडण्याची वाजवी संधी न दिल्यामुळे ही पदच्युती प्रिव्ही कौन्सिलने १९४८ मध्ये अवैध ठरविली; परंतु थकलेले वेतन मागण्याचा हक्क मात्र नाकारला. न्याय मिळाला, पण हात रिकामेच राहिले! स्वतंत्र भारताने ही विसंगती दूर केली. बिहारमधील पोलीस फौजदार अब्दुल मजीद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये निर्णय दिला, की थकलेले वेतन हे राजाचे दान नव्हे. सेवकाला ते दावा लावून वसूल करता येते.

राज्यघटनेच्या ३१० व्या कलमात मर्जीचे तत्त्व आजही आहे. मात्र ३११ व्या कलमाने त्याला लगाम घातला आहे. नेमणूक करणाऱ्याहून कनिष्ठ अधिकाऱ्याला बडतर्फ करता येत नाही. आणि काही अपवाद वगळता दोषारोप कळवून, चौकशी करून, म्हणणे ऐकून घ्यावेच लागते.

खासगी नोकरीचा करार मोडल्यास न्यायालय सामान्यतः नुकसानभरपाई देते. नको असलेला नोकर मालकाच्या गळ्यात बांधत नाही. शासकीय सेवेचे तसे नाही. तिचा उगम करारात असला, तरी नेमणुकीनंतर सेवकाला कायद्याने नियंत्रित असा दर्जा प्राप्त होतो, हे १९६७ मध्ये रोशनलाल टंडन खटल्यात स्पष्ट झाले. म्हणूनच बडतर्फी अवैध ठरली, तर पुनःस्थापनेचा मार्ग खुला राहतो.

सरकारी महामंडळांनाही मनमानीची मोकळीक नाही. तीन महिन्यांची नोटीस किंवा तेवढे वेतन देऊन, कारण न सांगता कायम सेवकाला घरी बसविण्याचा एका केंद्रीय जलवाहतूक महामंडळाचा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये रद्द केला. सही केली म्हणून अन्याय्य अट न्याय्य होत नाही, कारण गरजवंताच्या सहीमागे समान सौदाशक्ती नसते. २०१३ मध्ये तर अवैध बडतर्फीनंतर पुनःस्थापनेबरोबर मागील वेतन देणे हाच सामान्य नियम असल्याचे न्यायालयाने सांगितले.

खरी कसोटी आज कंत्राटी नेमणुकांची आहे. मुदत संपली म्हणून सेवा संपणे ही बडतर्फी नव्हे; मात्र गैरवर्तनाचा ठपका ठेवून मध्येच काढणे ही शिक्षा होय, आणि चौकशीवाचून शिक्षा देता येत नाही. म्हणून नेमणूकपत्र, सेवा-अटी आणि प्रत्येक नोटीस कंत्राटी सेवकाने जपून ठेवावी व उत्तर लेखीच द्यावे.

शासन हे धनी खरे. पण लहरी धन्याच्या हाताखाली निर्भय सेवक घडत नाहीत, आणि निर्भय सेवकांवाचून जनतेला न्याय्य कारभार लाभत नाही.