दुभाष्यावाचूनचे हसू

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. सोव्हिएत रशियाच्या साहाय्याने उभारलेल्या या कारखान्याभोवती छत्तीसगढी, हिंदी, मराठी, तेलुगू, बंगाली अशा कितीतरी भाषा शेजारी नांदू लागल्या. अशा नगरीत सर्वांना एकाच क्षणी हसवील असा विनोद कोणता? ज्याला दुभाष्या लागत नाही, तो मूकपटांचा. शब्दाचा विनोद भाषेच्या वेशीपाशी थांबतो. घसरलेला पाय मात्र सर्व भाषांत घसरतोच.

परंतु नुसत्या पडण्याचे हसू फार काळ टिकत नाही. चार्ली चॅप्लिनचा भणंग पडतो आणि टोपी सावरीत, जणू काही घडलेच नाही अशा ऐटीत पुन्हा उभा राहतो. खरे हसू येते ते त्या ऐटीचे.

१९३१ साली लंडनमध्ये गांधीजींची भेट झाली, तेव्हा चॅप्लिनने त्यांना यंत्रविरोधाचे कारण विचारले होते. पुढे १९३६ च्या ‘मॉडर्न टाइम्स’मध्ये त्याचा भणंग कारखान्यात नटबोल्ट आवळताना दिसला. काम थांबले तरी त्याचे हात तसेच हलत राहतात. एकदा तर तो दातेरी चाकांतच ओढला जातो. बोलपटांच्या त्या युगातही त्याला कंठ फुटतो तो एका गाण्यापुरता, आणि त्या गाण्याच्या शब्दांना कोणत्याच भाषेत धड अर्थ नाही!

पोलादाचे मोल भिलाईच्या कामगाराला कोणी सांगावयास नको. मात्र पाळी संपवून घरी परततो तो यंत्राचा सुटा भाग नव्हे, माणूस होय, हे तो भणंग हसता हसता सांगून जातो.