पहिल्या रांगा कुणाच्या?



अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचा एखादा मोठा सामना तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल, तर खेळाइतकाच तिथला गलका तुमच्या लक्षात राहिला असेल. तोंडाला रंग फासलेली पोरं-पोरी कोर्टाच्या अगदी कडेला उभी असतात. पाहुण्या संघाचा खेळाडू फ्री थ्रो घ्यायला रेषेवर आला की हात नाचवून, किंचाळून त्याला काही सुचू देत नाहीत. चाळीस मिनिटांच्या खेळात खाली बसायचंच नाही, असा तिथला रिवाज. पण त्याच स्पर्धेतला, डिसेंबर महिन्यातला, आठवड्याच्या मधल्या वारचा एखादा सामना लावून पाहा. विद्यार्थ्यांसाठी राखलेले बाकांचे पट्टेच्या पट्टे मोकळे दिसतात. मग विद्यापीठाच्या क्रीडा विभागात हिशेब मांडला जातो: आपण मुलांना जागा देतो, मुलं येत नाहीत, तर त्या जागा पैसे मोजणाऱ्यांना का विकू नयेत? ऐकताक्षणी पटावा असा हा हिशेब आहे. मला तो पटत नाही, आणि का पटत नाही तेच आज सांगायचं आहे.

नॉर्थ कॅरोलायना राज्यात चॅपेल हिल आणि डरहॅम ही शेजारशेजारची गावं आहेत. अंतर जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटर. चॅपेल हिलला राज्याचं सरकारी विद्यापीठ, डरहॅमला ड्यूक हे खासगी विद्यापीठ. या दोघांची बास्केटबॉलमधली चुरस अमेरिकेत सर्वांत गाजलेली. माझ्या विषयासाठी ही जोडी सोयीची आहे, कारण चाळीस वर्षांपूर्वी दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

चॅपेल हिलचा संघ 1986 च्या सुरुवातीपर्यंत कार्मायकल ऑडिटोरियममध्ये खेळायचा. मायकल जॉर्डन कॉलेजात असताना याच कोर्टावर खेळला. जागा लहान, छत ठेंगणं, आवाज कोंडून राहायचा. प्रशिक्षक डीन स्मिथ यांच्या संघाचा लौकिक इतका वाढला की तिकिटं पुरेनात. तेव्हा एकवीस हजारांहून जास्त माणसं मावतील असं नवं प्रेक्षागृह बांधायचं ठरलं, आणि त्याला स्मिथ यांचंच नाव दिलं गेलं. सुमारे 3 कोटी 40 लाख डॉलर खर्च आला, तो देणग्यांतून उभा राहिला. 18 जानेवारी 1986 रोजी ड्यूकविरुद्धच्या सामन्यानं ते सुरू झालं. ज्यांनी मोठ्या देणग्या दिल्या त्यांना कोर्टालगतच्या, खालच्या मजल्यावरच्या खुर्च्यांची तिकिटं दरवर्षी विकत घेण्याचा हक्क मिळाला. बऱ्याचशा विद्यार्थ्यांच्या वाट्याला वरचा मजला आला.

देणगीदारांना मी दूषणं देणार नाही. त्यांच्याशिवाय ती इमारत उभी राहिली नसती. त्यांतले कित्येकजण त्याच विद्यापीठात शिकलेले, संघावर जीव टाकणारे. पण साठीच्या माणसाला दोन तास उभं राहून ओरडायला सांगता येत नाही. तो उशिरा येतो, शांतपणे पाहतो, आणि निकाल स्पष्ट दिसू लागला की गाड्यांची गर्दी टाळायला लवकर निघतो. 1991 च्या डिसेंबरात फ्लोरिडा स्टेटच्या संघानं तिथे येऊन कॅरोलायनाला हरवलं. त्या संघातला सॅम कॅसेल हा खेळाडू सामन्यानंतर म्हणाला की हे काही ड्यूकसारखं पब्लिक नाही, ही तर चीज आणि वाइनवाली मंडळी आहेत. हे शब्द त्या प्रेक्षागृहाला असे चिकटले की अजून निघालेले नाहीत. पुढे एका बास्केटमागे विद्यार्थ्यांसाठी उभं राहून पाहायच्या पायऱ्या बसवल्या गेल्या, आणि तिथून आवाज येऊ लागला. पण लांबीच्या दोन्ही बाजूंच्या रांगा देणगीदारांच्याच राहिल्या, आणि कॅमेऱ्याला दिसतात त्या नेमक्या याच.

हे फक्त चॅपेल हिलपुरतं नव्हतं. अमेरिकेच्या करकायद्यात अनेक वर्षं अशी सवलत होती की, चांगल्या खुर्चीचा हक्क मिळावा म्हणून विद्यापीठाला दिलेल्या देणगीतली 80 टक्के रक्कम दानधर्म म्हणून करपात्र उत्पन्नातून वजा व्हायची. 2018 पासून ही सवलत बंद झाली. पण तोवर देशभरातल्या प्रेक्षागृहांची बैठकव्यवस्था त्याच हिशेबानं पक्की झाली होती. जितकी देणगी मोठी तितकी खुर्ची कोर्टाजवळ. या सूत्रात विद्यार्थी कुठेच बसत नाही, कारण वयाच्या विसाव्या वर्षी त्याच्याकडे देण्यासारखं फक्त त्याचं नरडं असतं.

आता डरहॅमकडे वळू. ड्यूकचं कॅमेरॉन इनडोअर स्टेडियम 1940 सालचं आहे. जागा अवघ्या 9,314. संघानं राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, प्रशिक्षक माइक शशेफस्की यांचं नाव जगभर झालं, तरी ड्यूकनं इमारत सोडली नाही. आणि कोर्टाला खेटून असलेली लाकडी बाकं विद्यार्थ्यांकडेच ठेवली. पदवीच्या विद्यार्थ्यांना तिकीट नाही, ओळखपत्र दाखवायचं आणि आत जायचं. जो आधी येईल तो पुढे.

या शेवटच्या नियमातून काय उभं राहिलं ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. 1986 साली काही विद्यार्थ्यांनी कॅरोलायनाच्या सामन्यासाठी स्टेडियमबाहेरच्या हिरवळीवर तंबू ठोकले. आज तिथे दर हिवाळ्यात तंबूंचं गावच वसतं, आणि त्या गावाला प्रशिक्षकांच्या नावावरून शशेफस्कीव्हिल म्हणतात. एका तंबूत जास्तीत जास्त बाराजण. त्यांतल्या ठरावीक जणांनी दिवसा आणि ठरावीक जणांनी रात्री तिथे हजर राहायचं. विद्यार्थ्यांतूनच निवडलेले रांगेचे राखणदार कडाक्याच्या थंडीत, अपरात्री अचानक भोंगा वाजवतात. तंबूतून डोळे चोळत बाहेर यायचं, ओळखपत्र दाखवायचं, नाव लावून घ्यायचं. एक हजेरी चुकली तर माफ. पुन्हा चुकली तर तंबू यादीच्या तळाला. हे आठवडेच्या आठवडे चालतं. अभ्यास तिथेच, जेवण तिथेच, मैत्र्याही तिथेच जुळतात. म्हणजे सामना दोन तासांचा आणि त्याची तयारी महिनाभराची. एवढं केल्यावर कोण घरी बसेल?

कॅन्ससमध्येही असंच. ज्या जेम्स नेस्मिथ यांनी 1891 साली हा खेळ शोधला तेच पुढे कॅन्सस विद्यापीठाचे पहिले प्रशिक्षक झाले, त्यामुळे तिथे या खेळाविषयी घरचं कार्य असल्यासारखी आपुलकी आहे. सामन्याच्या आधीचे काही दिवस विद्यार्थ्यांचे गट ॲलन फील्डहाउस या सभागृहाच्या कॉरिडॉरमध्ये पाळीपाळीनं बसून असतात, वह्या-पुस्तकं मांडून. हजेरी पुकारली गेली आणि गटातलं कुणीच जाग्यावर नसलं की गटाचं नाव कापलं जातं. सामन्याच्या दिवशी पाहुण्या खेळाडूंची नावं पुकारली जात असताना सगळे विद्यार्थी विद्यापीठाचं वर्तमानपत्र तोंडासमोर धरतात आणि खुशाल वाचल्यासारखं करतात. 2017 च्या फेब्रुवारीत या सभागृहात 130.4 डेसिबल आवाज मोजला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली.

या दोन्ही ठिकाणी संघ जिंकणारा आहे, हे खरंच. हरणाऱ्या संघामागे कुणी तंबू ठोकत नाही. पण कॅरोलायनाचा संघही काही हरणारा नव्हता. स्मिथ सेंटरमध्ये आल्यानंतरही त्यानं 1993 साली राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, आणि पुढेही मिळवली. यशाच्या बाबतीत दोघं तोलामोलाचे. फरक होता तो खुर्च्या वाटण्यात.

आता दराचा मुद्दा. विद्यार्थ्यांना तिकीट फुकट देतो, असं अनेक विद्यापीठं सांगतात. ते अर्धसत्य आहे. चॅपेल हिलसारख्या सरकारी विद्यापीठात प्रत्येक विद्यार्थ्याच्या फीमध्ये क्रीडा फीची वेगळी ओळ असते, वर्षाला दोनशे डॉलरांहून अधिक. सामना बघा किंवा बघू नका, ती भरावीच लागते. जवळच राली शहरात नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठ आहे. आपल्याकडून पुण्या-मुंबईहून, नागपूरहून एम. एस. करायला गेलेली कितीतरी मुलं तिथे शिकतात. त्यांच्याही बिलात ही ओळ असते. त्यांच्या विद्यापीठाचे बास्केटबॉल सामने पूर्वी कॅम्पसवरच्या रेनल्ड्स कॉलिझियममध्ये व्हायचे. 1999 पासून पुरुषांच्या संघाचे सामने शहराच्या कडेला, व्यावसायिक आइस हॉकी संघाबरोबर वाटून घेतलेल्या मोठ्या अरीनात होतात. वसतिगृहातून उठून चालत जाण्याची सोय गेली. गाडी नसलेल्या मुलाला बस गाठावी लागते, आणि सामना संपल्यावर पुन्हा तीच कसरत. तिकिटावर शून्य डॉलर लिहिलेले असले तरी त्याची संध्याकाळ स्वस्त नाही.

त्यात टीव्ही. सामन्याची वेळ विद्यापीठ ठरवत नाही, वाहिनी ठरवते. मंगळवारी-बुधवारी रात्री नऊला सुरू झालेला सामना अकराच्या पुढे संपतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तास असतो. डिसेंबरात आधी परीक्षा, मग नाताळची सुट्टी. मुलं आपापल्या घरी गेलेली असताना, दुबळ्या संघांना पैसे देऊन बोलावलेले सामने नेमके तेव्हाच लावले जातात. मग रिकाम्या बाकांचे फोटो निघतात आणि मुलांना आता गोडी राहिली नाही असं म्हटलं जातं. ज्या आठवड्यात कॅम्पसवर विद्यार्थीच नाहीत त्या आठवड्यात विद्यार्थ्यांची गोडी मोजायची, ही पद्धत मला अन्यायाची वाटते.

दर वाढवला की काय होतं, याचा धडा मिशिगन विद्यापीठानं दिला. तो फुटबॉलचा आहे, पण लागू इथेही पडतो. तिथे विद्यार्थ्यांच्या हंगामी पासाची किंमत 280 डॉलरपर्यंत गेली. शिवाय 2013 साली ठरावीक जागा देण्याची जुनी रीत मोडून, जो आधी येईल तो पुढे, असं केलं गेलं. संघही तेव्हा घसरणीला लागला होता. विद्यार्थ्यांनी पास घेणंच सोडलं, इतकं की विद्यापीठाला नमतं घ्यावं लागलं आणि 2015 साली किंमत 175 डॉलरवर आणली गेली. गंमत पाहा, आधी येईल तो पुढे हा नियम ड्यूकमध्ये मुलांना तंबूपर्यंत घेऊन गेला, आणि मिशिगनमध्ये तोच नियम मुलांना जाचला. ड्यूकचा नियम मुलांनी स्वतः घडवला, राबवतातही तीच. मिशिगनमध्ये तो वरून आला, आणि तोही वाढीव किमतीसकट.

येत्या काळात हा ताण वाढणार आहे. जून 2025 मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयानं एका मोठ्या तडजोडीला मान्यता दिली. तेव्हापासून विद्यापीठं आपल्या खेळाडूंना उत्पन्नातला वाटा थेट देऊ शकतात, पहिल्या वर्षी 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. खेळाडूंना त्यांच्या घामाचे पैसे मिळाले याचा मला मनापासून आनंद आहे. त्यांच्या जिवावर वाहिन्यांनी अब्जावधी कमावले. पण हे पैसे आणायचे कुठून, असा प्रश्न पडला की क्रीडा विभागाची नजर पहिली जाते ती तिकिटांकडे. टेनेसी विद्यापीठानं तर फुटबॉलच्या हंगामी तिकिटांवर खेळाडूंसाठी म्हणून दहा टक्के जादा आकार लावला. अशा वेळी कोर्टालगतची, एकही डॉलर न आणणारी विद्यार्थ्यांची रांग हिशेबनिसाच्या डोळ्यांत सलणारच.

पण त्या रांगेची किंमत वेगळ्या वहीत लिहिली जाते. आजचा विद्यार्थी वीस वर्षांनी तिकीट विकत घेणारा, देणगी देणारा माजी विद्यार्थी होतो, आणि तो तसा होतो तो कॉलेजातल्या चार हिवाळ्यांत. त्या वयात ज्याला खेळाची चटक लागली नाही, तो चाळिशीत हजारो डॉलर टाकून खुर्ची घेईल, असं मानायला मला कारण दिसत नाही. शिवाय वाहिन्या जे विकत घेतात त्यात हा गलका असतोच. बंद दारामागे, रिकाम्या खुर्च्यांसमोर झालेले सामने 2020-21 च्या हंगामात सगळ्यांनी पाहिले. खेळ तोच होता, खेळाडू तेच होते, आणि तरीही ते पाहवत नव्हते.

बास्केटबॉलची मजा जवळून पाहण्यात आहे. मुंबईत नागपाड्यानं अब्बास मुंतसीर यांच्यासारखा भारताचा कर्णधार घडवला. तिथल्या वस्तीतल्या कोर्टांवर ज्यांनी सामने पाहिले आहेत त्यांना हे सांगायला नको. रेषेला लागून बसलं की बुटांचा करकराट, खेळाडूंची आपसातली हाक, धक्क्याचा आवाज, सगळं अंगावर येतं. तिसऱ्या मजल्यावरून दिसतो तो फक्त स्कोअर.

चॅपेल हिलमध्ये स्मिथ सेंटरची डागडुजी करायची की नवी इमारत बांधायची, आणि बांधायची तर कॅम्पसपासून दूर का, यावर मोठा वाद झाला. माजी प्रशिक्षक रॉय विल्यम्स कॅम्पस सोडू नका असं म्हणणाऱ्यांच्या बाजूला उभे राहिले, ते मला फार बरं वाटलं. अशा प्रत्येक ठिकाणी, नकाशा अजून कागदावर असताना, माझं मागणं एवढंच असेल: लांबीच्या एका पूर्ण बाजूला, कोर्टाला लागून, पहिल्या रांगा विद्यार्थ्यांच्या ठेवा आणि त्यांचा कारभार विद्यार्थ्यांच्याच हाती द्या. नाव नोंदवून न येणाऱ्याचा क्रम पुढच्या सामन्याला खाली सरकवा, म्हणजे फुकटच्या जागेलाही मोल येईल. आणि सुट्टीच्या आठवड्यात जी बाकं मोकळी पडणार हे दोन दिवस आधीच कळतं, ती गावातल्या शाळांच्या मुलांना एक-दोन डॉलरमध्ये द्या, त्यांच्या शिक्षकांसह, त्याच पहिल्या रांगांत.