दोन वेगांचा मेळ

भिवंडी म्हटलं की आजही पुष्कळांना यंत्रमागांची खटखट आठवते. माग आहेतच, पण आता मुंबई-नाशिक महामार्गाच्या आसपास गोदामांची दुसरी वस्ती पसरली आहे. तुम्ही फोनवरून मागवलेला कुकर कदाचित तिथूनच निघतो.

अशा बऱ्याच गोदामांत फळीवरून वस्तू वेचतो माणूस आणि त्यांची वर्गवारी करतं यंत्र. साडीची घडी, काचेची बाटली, इवलासा चार्जर ओळखून बेताच्या दाबानं उचलणं यंत्राला अजून जड जातं. बारकोड वाचून पार्सल गावाप्रमाणे वेगळं करणं मात्र त्याला सोपं. फ्लिपकार्टनं २०१९ साली बंगळुरूत असे शंभराच्या आसपास रोबो लावले. माणूस पार्सल पाठीवर ठेवतो, रोबो धावत जाऊन ते नेमक्या खिडकीत टाकतो.

गोची होते ती या दोघांचा मेळ घालताना. वीस ऑर्डरी एकाच फेरीत वेचल्या तर पायपीट वाचते, पण माल सरमिसळ येतो. सगळ्या टोपल्या एकदम आल्या की पट्टा तुंबतो. उशिरा आल्या की रिकामा फिरतो. त्यात एका ऑर्डरीच्या तीन वस्तूंपैकी दोन आल्या, तिसरी सापडेना, तर तिचा कप्पा अडून बसतो. म्हणून पुढे जागा किती आहे हे पाहूनच संगणकानं नवं काम सोडायचं असतं. शिवाय मध्ये भरलेल्या टोपल्या ठेवायला थोडी मोकळी जागा लागते.

माझ्या मते सगळं या जागेवर आहे. चार टोपल्या शिल्लक असल्या तर पोरगा पाणी पिऊन येईपर्यंत पट्टा चालतो. ती जागा काटकसरीत गेली की यंत्राची भूक थेट त्याच्या पायांवर येते. (आम्ही कवी मात्रा मोजतो, पण यतीची जागा सोडून.) मागावर आडवा धागा तुटला की माग थांबतो, कारागीर धागा जोडेपर्यंत वाट पाहतो. इथे पट्टा थांबत नाही, आणि पडद्यावर नाव झळकतं वेचणाऱ्याचं.

आमच्या मोहल्ल्यातली पोरं या कामाला जातात. त्यातला एक म्हणाला, "चाचा, वस्तू जागेवर नसली तर शोधण्यात रेट पडतो. मी ‘नाही’ दाबतो आणि पुढे जातो."

वस्तू बहुधा शेजारच्याच कप्प्यात असते. ऑर्डर मात्र तुमच्या घरी अर्धीच पोचते.