गिरगावची लवंगी मिरची

‘लवंगी मिरची’ हे दोन शब्द कानावर पडले की आम्हा कोल्हापूरकरांची मान उगाचच ताठ होते. १९६२ साली अनंत माने यांच्या ‘रंगल्या रात्री अशा’ या चित्रपटात ही लावणी आली आणि गावाचं नाव महाराष्ट्रभर गाजलं. लिहिणारे जगदीश खेबुडकर कोल्हापूर जिल्ह्यातले, पेशानं शिक्षक. चित्रपटातले अरुण सरनाईकही इथलेच. चाल वसंत पवारांची. पण जिच्या गळ्यानं ती मिरची तिखट केली, त्या सुलोचना चव्हाण जन्मल्या गिरगावात, फणसवाडीत!

माहेरच्या त्या कदम. जन्म १३ मार्च १९३३ चा. रीतसर तालीम अशी नाही. ध्वनिमुद्रिका ऐकून ऐकून गळा तयार झाला. हिंदी चित्रपटांसाठी गाऊ लागल्या तेव्हा वय शाळकरीच होतं. १९५१ च्या ‘ढोलक’मध्ये सुलोचना कदम हे नाव सापडतं. घरी मात्र लावणी गुणगुणलेली आईला खपत नसे. यात नवल नाही. आमच्याकडेसुद्धा रेडिओवर ढोलकी सुरू झाली की आजोबा आवाज कमी करायला सांगायचे. आजी करायचीही, पण बंद करायची नाही.

पुढं दिग्दर्शक श्यामराव चव्हाण यांच्याशी लग्न झालं. लावणीतला शब्द कसा टाकायचा, कुठं दाबायचा, कुठं सोडायचा, हे आपण पतीकडून शिकलो असं बाई सांगत. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. नुसता सूर लागला म्हणजे लावणी होत नाही. ‘गं’, ‘बाई’, ‘हो’ हे शब्द कागदावर अगदी किरकोळ दिसतात. त्यांच्या गाण्यात तेच डोळा मारतात, तेच नाक मुरडतात. ओळीच्या शेवटी त्या आवाज असा तोडतात की ढोलकीची थाप नेमकी त्या फटीत बसते.

आणि बाई स्वतः कशा? डोक्यावरून पदर, अंगभर लुगडं, हातवारे नाहीत. समोरचे शिट्ट्या मारताहेत आणि या जागच्या हलत नाहीत. जर्मनीत क्लेअर वाल्डोफ नावाची कॅबरेची गायिका होऊन गेली. शर्ट-टाय घालून जवळजवळ स्तब्ध उभं राहून ती बर्लिनच्या रांगड्या बोलीत गायची. ती मूळची बर्लिनची नव्हतीच, गेल्झेनकिर्खेनची! परक्या गावाची बोली गळ्यात इतकी मुरवायची की त्या गावानंच आपली म्हणावं, यात दोघी सारख्या.

आचार्य अत्र्यांनी सुलोचनाबाईंना ‘लावणीसम्राज्ञी’ म्हटलं, ते योग्यच. पण ‘त्यांनी लावणीला प्रतिष्ठा दिली’ हे वाक्य ऐकलं की मी अडखळतो. मग यमुनाबाई वाईकरांनी काय दिलं होतं? बैठकीची लावणी, तिची अदाकारी, घराण्यातून आलेलं ते सगळं धन यमुनाबाईंनी आयुष्यभर सांभाळलं. पद्मश्री त्यांना २०१२ साली, सत्त्याण्णवाव्या वर्षी मिळाली. उणीव लावणीत नव्हती, ती ऐकणाऱ्यांच्या घरांत होती. सुलोचनाबाईंनी केलं ते वेगळं. फडाचा उंबरा ज्यांना ओलांडता येत नव्हता, त्या बायकांच्या स्वयंपाकघरात त्यांनी लावणी नेली. चेहरा न दिसणारा आवाज होता म्हणूनच तो आत शिरू शकला. पदराचाही त्यात वाटा होता, हे नाकारून चालणार नाही. तो पदर यमुनाबाईंच्या वाट्याला आलेला नव्हता.

सुलोचनाबाईंना २०२२ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १० डिसेंबरला मुंबईत त्या गेल्या. आता स्पर्धांमधून मुली त्यांच्या लावण्या म्हणतात, छान म्हणतात, पण हात फार हलवतात. त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं: मूळ ध्वनिमुद्रिका एकदा अंधारात बसून ऐका आणि फक्त ओळींच्या शेवटाकडे कान द्या.