हळद फिकी का?

कोल्हारहून बोलतेय. आमच्या बचत गटाचं मसाल्याचं कांडप आहे. गेल्या वर्षी एका दुकानदारानं आमची वीस किलो हळद परत पाठवली. म्हणाला, "ताई, हिला रंगच नाही." पोतं खोलीत टाकलं आणि आमच्यात चांगलीच जुंपली. एकजण म्हणाली, चकचकीत पिवळं हळकुंड मिळतंय, तेच आणू, गिऱ्हाईक रंगावर जातं. कर्जाचा हप्ता डोक्यावर होताच. खरं सांगते, मीही हो म्हणणार होते.

मग जरा चौकशी केली. हळकुंड शिजवून, उन्हात वाळवून ड्रममध्ये घासतात. त्या पॉलिशमध्ये वाईट काही नाही. वाईट आहे तो वरून चढवलेला रंग. वाळवताना पाऊस लागला की हळकुंड काळपट पडतं, भाव उतरतो. अशा मालाला काही ठिकाणी लेड क्रोमेट चोळतात. रस्त्यावर पिवळे पट्टे मारायच्या रंगात वापरतात तेच ते! त्यात शिसं असतं. आपल्याकडे हळदीत शिशाची मर्यादा किलोला 10 मिलिग्रॅम आहे. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पाटण्याच्या काही नमुन्यांत ते हजाराच्या वर निघालं. पाटणा लांब आहे म्हणाल. पण हळकुंडाची पोती ट्रकनं कुठूनही कुठं जातात आणि दळल्यावर हळदीचं गाव ओळखू येत नाही.

शिसं उकळून जात नाही, फोडणीत जळत नाही. थोडं थोडं पोटात जातं आणि हाडांत साठून राहतं. बाई गरोदर राहिली की हाडांतल्या कॅल्शियमबरोबर तेही रक्तात उतरतं आणि नाळेतून बाळापर्यंत पोचतं. लहान मुलांच्या मेंदूला त्याचा धोका सगळ्यात जास्त. पोर अभ्यासात मागं पडतं, चिडचिडं होतं, आणि आपण म्हणतो, लक्षच देत नाही मेलं. त्यात अंगात लोह कमी असेल तर शिसं जास्त शोषलं जातं. आपल्या बायकांचं हिमोग्लोबिन किती असतं, ते मी काय सांगू?

घरी पाहायचं तर हळकुंड पाण्यात टाका. पिवळा रंग लगेच सुटला तर ते वापरू नका. पण पाणी स्वच्छ राहिलं म्हणजे शिसं नाही, असं मात्र धरू नका. ते प्रयोगशाळेतच कळतं. तयार पूड घेताना सुटी न घेता एफएसएसएआयचा परवाना क्रमांक असलेलं पाकीट घ्यावं.

हे थांबवता येतं बरं का. बांगलादेशात 2019 मध्ये बाजारातल्या 47 टक्के हळदीत शिसं सापडलं होतं. सरकारनं बाजारात तपासण्या केल्या, व्यापाऱ्यांना दंड केले, लोकांना सांगितलं. 2021 मध्ये तपासलेल्या एकाही नमुन्यात ते मिळालं नाही. दोनच वर्षांत!

आम्ही ते चकचकीत हळकुंड आणलं नाही. परत आलेल्या हळदीचा नमुना पैसे भरून तपासून घेतला. शिसं मर्यादेच्या आत होतं. तो अहवाल आता कांडपाच्या भिंतीवर लावलाय. वीस किलोतली चौदा किलो अंगणवाडीत येणाऱ्या आयांनीच नेली. त्या दुकानदाराची ऑर्डर अजून आलेली नाही. उरलेली सहा किलो आम्ही आपसात वाटून घेतली आणि हप्ता त्या महिन्यात गटाच्या बचतीतून भरला.