बोंडअळी आणि व्हायरस

बेला, जैनथ या गावांकडच्या कपाशीवरची बोंडअळी एका शिवारातून दुसऱ्या शिवारात जाते. संगणकाचा व्हायरसही तसाच पसरतो. मार्च 2017 मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं एक छिद्र बुजवणारं अपडेट दिलं. अनेकांनी ते टाकलंच नाही. त्याच वर्षी 27 जूनला नॉटपेट्या नावाचा व्हायरस त्या छिद्राचाही फायदा घेत पसरला आणि मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम विस्कळीत झालं.

आता धोका मोबाइलवर येतो: लग्नपत्रिका किंवा पीएम किसानच्या नावाने आलेली एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल. ती टाकून परवानग्या दिल्या, की बँकेचा ओटीपीही चोराच्या हाती! ओळखीच्या नंबरवरून आली तरी उघडू नका. फोनचं अपडेट टाळू नका. पैसे गेलेच, तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर कळवा.